अंगणाखालची आडकाठी

१

“ममा, दारेका इरु.”

तन्वी न्हाणीघराच्या दारात उभी होती. अंगाला पंचा गुंडाळलेला, केसांतून पाणी निथळतंय आणि डोळे मात्र जमिनीतल्या जाळीवर खिळलेले.

“मराठीत बोल गं. आजीला कळायला नको?” अनघा स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

“कुणीतरी आहे. खाली.”

तव्याखालचा जाळ बारीक करून अनघा आली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग जाळीच्या पोटातून घोगरा, ओला आवाज उठला. आजारी माणसानं अंधारात गुळणी धरावी, आणि ती ना थुंकावी ना गिळावी, तसा. तन्वीनं आईचा हात घट्ट धरला. सात वर्षांच्या पोरीच्या मुठीत केवढं बळ असतं ते अनघाला तेव्हा कळलं.

जाळीची भोकं काळी झाली. पाणी वर आलं.

ते सकाळचं आंघोळीचं पाणी नव्हतं. त्याला वास होता, त्यात भाताची शितं होती, केसांचे पुंजके होते आणि त्या सगळ्यातून राखाडी, बुळबुळीत गोळे हळूहळू वर येत होते. एक गोळा तन्वीच्या पावलाला लागला. ती किंचाळली.

मागून काठीचा आवाज आला. सासूबाई, कुमुदिनीबाई, लंगडत दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, त्या राखाडी गोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

“माती,” त्या पुटपुटल्या. “अगं बाई, ही तर माती.”

आणि एक अक्षर पुढे न बोलता त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. दार लावल्याचा आवाज अनघानं ऐकला. त्या घरात आल्यापासून सासूबाईंनी कधी दार लावलं नव्हतं.

२

घर योकोहामातल्या एका टेकडीवर होतं. लाकडी, जुनं, मागं एवढंसं अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड. हे घर मिळेपर्यंत अनघा आणि तिचा नवरा जयेश किती दारांवरून परतले होते! परदेशी माणूस म्हटलं की दलाल हसून मान वाकवायचा, आणि त्या वाकलेल्या मानेतच नकार असायचा. शेवटी हिराओका-सान भेटल्या. सत्तरीच्या, एकट्या, पलीकडच्याच घरात राहणाऱ्या. “तुमची मुलगी माझ्या अंगणात खेळेल ना?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. तन्वीची शाळा उताराच्या पायथ्याशी होती. अनघाचं काम एका पाळणाघरात, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. घर म्हणजे नुसतं घर नव्हतं, इथं टेकलेला पाय होता तो.

हिराओका-सान प्लंबरला घेऊन आल्या. त्यानं अंगणातल्या मोरीचं गोल झाकण उघडलं, आतून न्हाणीघराच्या दिशेनं कॅमेरा घातला. गढूळ पाण्यात काही दिसेना. मग तार घातली. तार थोडी गेली आणि अडली. ओढून काढली तर टोकाला तोच राखाडी गोळा.

“नेन्दो,” तो म्हणाला. माती.

हिराओका-सान बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. मग कुंपणाकडे वळून अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, “उन्हाळ्याच्या शेवटी तुमची पूजा झाली ना? मी पलीकडून पाहिलं होतं. गाणी किती छान होती. तुम्ही तुमच्या मातीच्या देवाला बादलीत बुडवलंत.”

अनघानं मान हलवली. “हो.”

“मग ते बादलीतलं पाणी कुठे ओतलं?”

अनघाला उत्तर ठाऊक नव्हतं. दीड दिवसाचा गणपती सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी घडवला होता, बाजारात मिळणाऱ्या कुंभारकामाच्या पांढऱ्या मातीचा. विसर्जन झालं, बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि एक दिवस ती रिकामी, स्वच्छ, उपडी दिसली. कुणी ओतली, कुठे ओतली, तिनं विचारलंच नव्हतं.

“शनिवारी हे प्लंबर यंत्र घेऊन येतील,” हिराओका-सान म्हणाल्या. “पात्याचं यंत्र. आत जे असेल ते कापून काढतील. माती तुमची असेल, तर...” त्या थांबल्या, हसल्या, मान वाकवली. “सेकिनिन, अनघा-सान. जबाबदारी. मग हे घर मला परत द्यावं लागेल.”

संध्याकाळी अनघा कामावरून आली तेव्हा दाराच्या कडीला एक पारदर्शक पिशवी लटकत होती. आत तो राखाडी गोळा होता. पुरावा म्हणून ठेवलेला. वाऱ्यानं पिशवी हलकेच हलत होती, जणू आतलं काहीतरी जिवंत आहे.

३

“मी माफी मागून आलो,” जेवताना जयेश म्हणाला.

अनघाचा घास हातातच राहिला. “कशाची?”

“कशाची म्हणजे? इथं आधी वाकायचं असतं. म्हटलं, आमच्याकडून चूक झाली असेल तर सुमिमासेन.”

“‘असेल तर’ म्हणालास, की ‘झाली’ म्हणालास?”

जयेशनं ताटातली कोशिंबीर इकडची तिकडे केली. “जपानीत ते जवळपास सारखंच ऐकू येतं.”

“म्हणजे तुला वाटतं मी ओतलं.”

“घाईत ओतलं असशील. मी काही बोललो का?”

“बोलला नाहीस, जाऊन कबूलच करून आलास!”

तन्वी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. कुमुदिनीबाई मान खाली घालून भात कालवत होत्या, कालवतच होत्या. न्हाणीघरातून पुन्हा तो आवाज आला. गुळ्ळ. सगळ्यांचे हात थांबले.

तेव्हा कुमुदिनीबाई अगदी खालच्या सुरात गुणगुणल्या. पेणच्या मूर्तिकारांच्या घरातली लेक ती. माती मळताना आई म्हणायची त्या चालीवर त्यांच्या तोंडी ओव्या आपोआप यायच्या, सुखात यायच्या तशा भीतीतही.

“पाण्या माझ्या दादा, असा का रे गुरगुरसी,
कोणी घातली आडकाठी तुझ्या घरच्या वाटेशी.”

“आई, प्लीज,” जयेश म्हणाला. “आता गाणी नकोत.”

अनघानं भांडी घासायला घेतली, मग आठवलं की पाणी सोडता येणार नाही. ओट्याशी तशीच उभी राहिली. सासूबाईंना एकच प्रश्न विचारायचा होता, ‘बादली तुम्ही ओतलीत का?’ पण उत्तर हो आलं तर? त्यांच्यामुळे घर गेलं, हे त्या उरलेलं आयुष्य उराशी घेऊन फिरल्या असत्या. नाही आलं, तरी त्या बंद दाराचं काय?

तिनं फोन उचलला आणि सेंदाईला लावला.

“पद्मिनीमावशी, येशील का गं? मला भीती वाटते.”

“कुणाची?”

अनघानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “घरातल्याच माणसांची,” ती कुजबुजली.

४

पद्मिनीमावशी म्हणजे अनघाच्या आईची धाकटी बहीण. सेंदाईच्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. भूकंपानंतर कुठली जमीन धरते आणि कुठली दगा देते, हे ती बोटांच्या चिमटीत माती चोळून सांगायची. शुक्रवारी दुपारी ती आली. एका हातात झुंदा-मोचीचा, तिकडच्या हिरव्या मिठाईचा, डबा, दुसऱ्या हातात छत्री.

“कुठे आहे तुमचा राक्षस?”

अनघानं पिशवी दाखवली. मावशीनं ती उघडली, चिमूटभर माती अंगठ्यानं घासली, हुंगली आणि पिशवी पुन्हा बांधून ठेवली. 

मग मावशी अंगणात गेली. लिंबाच्या झाडाभोवती फिरली. मोरीचं झाकण पाहिलं. कुंपणापलीकडे तन्वी हिराओका-सानांच्या भिंतीलगत लंगडी घालत होती.

“कशावर उड्या मारतेस गं?”

“गोल!” तन्वी म्हणाली. सिमेंटवर तांबूस गंजाचे दोन गोल उमटले होते, शेजारी शेजारी. “इक्को, निको! एक, दोन!”

मावशीनं मान वळवून अनघाच्या घराची भिंत पाहिली. तिथं गॅसचे दोन उंच सिलिंडर साखळीनं बांधून उभे होते. टेकडीवर बहुतेक घरांना असेच सिलिंडर होते.

“हं,” ती म्हणाली.

घरात कुमुदिनीबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. घोट्याला एक पांढरा, पातळ पंचा बांधलेला, त्यावर निळी अक्षरं.

“विहीणबाई, पायाला काय झालं?”

“घसरले हो अंगणात. लिंबापाशी. मेलं काय होतं कोण जाणे, शेवाळापेक्षा बुळबुळीत.”

“कधी?”

“हरितालिकेला. उपासानं चक्कर आली असेल, असं जयू म्हणतो. चक्कर कसली? पाय सरकला माझा!”

“खरंच आहे,” अनघा म्हणाली. “दुसऱ्या दिवशी आईंनी खुर्चीत बसून मोदक वळले. मला तर एकाही पाकळीला हात लावू दिला नाही.”

“तुझ्या पाकळ्या मोदकाच्या कमी आणि बटाट्याच्या जास्त दिसतात,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. हसू ओठांवर आलं तसं लगेच मावळलंही.

“आणि हा पंचा?” मावशीनं विचारलं.

“तो होय! त्याच्या आधी एक माणूस आला होता दारावर. डोक्याला टोपडं असतं ना कामगारांचं, तसं. तुम्ही दोघं कामावर. तो वाकून वाकून काय काय सांगत होता आणि मी आपली हाइ, हाइ, म्हणजे हो, हो म्हणत होते. शेवटी दोन्ही हातांनी हा पंचा दिला हो त्यानं! मी म्हटलं, काय रीत आहे लोकांची, वा! मग रिकाम्या हाती कसं पाठवायचं? मी दोन बेसनाचे लाडू दिले. एक त्यानं तिथंच खाल्ला.”

“आई, हे कधी सांगितलं नाहीत!”

“त्यात सांगायचं काय? पंचा तर होता.”

मावशी पंच्यावरची निळी अक्षरं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं तो हळूच नीट केला आणि कुमुदिनीबाईंचा हात हातात घेतला.

“विहीणबाई, आता एकच विचारते. बादलीतली माती कुठे आहे?”

 बाहेर तन्वीच्या उड्यांचा आवाज तेवढा येत होता, इक्को, निको. कुमुदिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, लंगडत पलंगाशी गेल्या आणि पलंगाखालची सुटकेस ओढून बाहेर काढली.

५

सुटकेसमध्ये जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या मातीच्या चकत्या होत्या. वाळलेल्या, पांढऱ्या, पुरीएवढ्या. एकीवर अजून कुंकवाची पुसट छटा होती.

“आमच्या माहेरी विसर्जनाची माती टाकत नाहीत,” त्या अडखळत म्हणाल्या. “पुढच्या वर्षीच्या मातीत मिसळतात. म्हणजे देव दरवर्षी नवा येतो, पण परका येत नाही. मी भावाकडे न्यायची म्हणून वाळवली. जयूला कळलं असतं तर ओरडला असता. विमानातून माती-बिती न्यायची नाही, असं त्यानं आधीच बजावलं होतं. मग नळातून माती निघाली आणि माझं काळीजच गोठलं. वरचं नुसतं पांढरं पाणी होतं हो, ते मी लिंबाच्या मुळाशी घातलं. तेच झिरपून आत गेलं असेल का? माझ्यापायी पोरांचं घर जाणार का, पद्मिनीताई?”

अनघा गुडघे टेकून सासूबाईंच्या शेजारी बसली.  तिनं नऊवारीचं टोक तेवढं नीट केलं.

“सगळी माती आहे ना ही?” मावशीनं विचारलं.

“मूर्ती मी घडवली. माझ्या हाताला नाही का कळणार? सगळी आहे.”

“मग एक चकती उसनी द्या.”

तिनं त्या चकतीचा एक तुकडा घेतला, पिशवीतल्या राखाडी गोळ्याचा तेवढाच तुकडा घेतला, दोन्ही मंद तव्यावर कोरडे खडखडीत केले आणि पाण्याच्या दोन पेल्यांत सोडले. पेले ओट्यावर ठेवून म्हणाली, “आता झोपा. सकाळी मातीच सांगेल कोण कुठली ते.”

अनघाला झोप लागली नाही. भिंतीतून, जमिनीतून ते गुरगुरणं येतच होतं.

सकाळी उजेड ओट्यावर आला आणि अनघानं पेल्यांकडे पाहिलं. पहिल्या पेल्यात चकतीचा तुकडा विरून गेला होता, तळाशी पिठासारखा निवांत बसला होता. दुसऱ्या पेल्यात...

ती मागं सरली.

दुसऱ्या पेल्यातला तुकडा विरला नव्हता. तो वाढला होता. भिजलेल्या सब्जासारखा फुगून, लोळागोळा होऊन त्यानं पेल्याच्या काठापर्यंत अंग पसरलं होतं.

“मावशी!”

मावशी आली. पेला तिरपा केला. तो राखाडी लोळ अंगचोरपणे हलला.

“हीच शंका होती,” ती म्हणाली. “ही देवाची माती नाही. मूर्तीची माती नाही, कुंड्यांचीही नाही. आडवं भोक पाडणाऱ्या यंत्रासोबत जी माती आत दाबतात, ती ही. भोक ढासळू नये, नळी सुळकन सरकावी म्हणून. परकरात नाडी ओवतो ना अनघा, तसंच असतं ते काम. या टोकाला खड्डा, त्या टोकाला खड्डा, मधलं अंगण जसंच्या तसं. आत कुठे शिवण फाटली ते बाहेरून दिसत नाही.”

“पण कुणी ओवली? कसली नाडी?”

“तो पंचा काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना देतात. आवाज होईल, त्रास होईल, माफ करा म्हणून. त्यावर गॅसच्या नळाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचं नाव आहे. काम झालं, मग हरितालिकेला विहीणबाई घसरल्या. तेव्हा गणपती आलासुद्धा नव्हता! अंगणात जी बुळबुळीत माती वर आली होती, ती विसर्जनाची असूच शकत नाही. आणि हिराओका-सानांच्या भिंतीशी दोन गंजके गोल आहेत. गोल आहेत, पण सिलिंडर नाहीत.”

अनघाच्या अंगावर काटा आला. “म्हणजे त्यांच्याकडे आता नळाचा गॅस आहे.”

“आणि तो त्यांच्याकडे तुमच्या अंगणाखालून जातो. माझा तर्क असा की तो तुमच्या सांडपाण्याच्या नळाच्या आरपार गेलाय. त्याला केस अडकले, शितं अडकली...” मावशीनं पेला खाली ठेवला. “शनिवार आज आहे ना? यंत्र किती वाजता येणार?”

उत्तर अंगणातून आलं. मोटरची घरघर.

६

जयेश अंगणात प्लंबरला वाकून नमस्कार करत होता. हिराओका-सान कुंपणाशी उभ्या होत्या. मोरीचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं आणि प्लंबरच्या हातात जाड तारेचं वेटोळं होतं. तारेच्या टोकाला पाती. कानांवर आवाज अडवणाऱ्या मोठाल्या टोप्या.

“तोमेते! तोमेते कुदासाइ!” अनघा अनवाणीच धावली. थांबवा! पण मोटरच्या आवाजात तिचा आवाज विरून गेला. प्लंबर पाठमोरा होता. त्यानं गुडघा टेकला, तारेचं टोक मोरीच्या तोंडाशी आणलं.

“काय झालं?” जयेश ओरडला.

“गॅस! खाली गॅसचा नळ आहे! त्याला थांबव!”

जयेश तिच्याकडे वळूनच पाहत राहिला. अनघा अजून लिंबाच्या अलीकडे होती. पाती आत गेली, वीतभर खाली.

तेवढ्यात काठी खणकन पडली.

कुमुदिनीबाई कुठून आल्या, कशा आल्या, कुणी पाहिलं नाही. त्यांना ना जपानी येत होतं, ना यंत्र कळत होतं. सून अनवाणी का धावते, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी त्या माणसाच्या हाताला धरून तार बाहेर ओढली, ते लोखंडी झाकण पायानं ढकलत मोरीवर सारलं आणि दुखऱ्या घोट्यासकट त्यावर मांडी घालून बसल्या.

प्लंबर थिजून पाहत राहिला. मग त्यानं मोटर बंद केली.

सगळ्या टेकडीवर एकदम शांतता उतरली. त्या शांततेत कुमुदिनीबाई ठणकावून म्हणाल्या, “लाडू खाल्लात ना आमचा? मग गुमान बसा!”

“आई, तो वेगळा माणूस होता,” जयेश म्हणाला.

“असेना का!”

हिराओका-सान कुंपणाच्या फटीतून आत आल्या होत्या. चेहऱ्यावर अजून तेच हसू, पण आता ते ताठरलेलं. पद्मिनीमावशीनं त्यांच्यासमोर मान वाकवली आणि सावकाश, आदरानं जपानीत विचारलं, “उन्हाळ्यात तुम्ही नळाचा गॅस घेतलात का?”

“हो. सिलिंडर आता झेपत नव्हते.”

“तो इथून आला?”

“खालच्या रस्त्यावरून. पण खोदलं नाही काही! एक फूलसुद्धा तुटलं नाही,” त्या जरा अभिमानानंच म्हणाल्या. मग त्यांची नजर मोरीच्या झाकणाकडे गेली, झाकणाखालच्या जमिनीकडे, तिथून आपल्या घराच्या भिंतीकडे. एक सरळ रेघ त्यांनी डोळ्यांनीच ओढली.  “मी रोज सकाळी तिथंच चहा करते.”

प्लंबरनं पात्यांकडे पाहिलं. ती त्यानं अगदी हळू, झोपलेल्या बाळासारखी, जमिनीवर ठेवली.

गॅस कंपनीची माणसं आली. त्यांनी सगळ्यांना उतारावरच्या बसथांब्यापाशी नेऊन बसवलं, गॅस बंद केला, तुंबलेलं पाणी उपसलं आणि मग कॅमेरा पुन्हा आत गेला. पडदा दाखवायला त्यांचा मुकादम स्वतः खाली आला. जुन्या मातीच्या नळाची गोल भिंत दिसत होती. आणि तिला दोन्ही बाजूंनी भेदून, मधोमध, पिवळाधमक गॅसचा नळ आडवा गेलेला. त्याला केस, कागद, शितं लपेटलेली, सभोवती राखाडी मातीचे ओघळ. पिवळ्या अंगावर अजून एक ओरखडाही नव्हता.

“यंत्र चाललं असतं तर?” अनघानं विचारलं.

 मुकादमानं तन्वीकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

“हे सापडलं कसं नाही तुम्हाला?” मावशीनं विचारलं.

“नकाशावरचे सगळे नळ आम्ही टाळले. पाण्याचे, विजेचे. घराचा जुना सांडपाण्याचा नळ नकाशावर नव्हता.” तो म्हणाला. “म्हणून विचारायला दारावर माणूस पाठवला होता. अंगणाखालून तुमचा काही नळ जातो का, असं त्यानं विचारलं होतं. बाई सगळ्यालाच हाइ, हाइ म्हणत होत्या, म्हणून त्यानं ते ‘करा काम’ असंच धरलं...”

अनघानं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण आपल्याविषयी काहीतरी चाललंय हे कळलं होतं. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला.

अनघा उभी राहिली. 

“भाषा न कळणाऱ्या म्हातारीनं मान हलवली, त्यावर तुम्ही घराखाली भोक पाडलंत?” ती म्हणाली. “झाकण तर अंगणातच होतं. उघडून पाहायचं होतं.”

 मुकादमानं टोपी काढली आणि तो कमरेतून वाकला, कुमुदिनीबाईंपुढे.

“सेकिनिन आमची,” तो म्हणाला.

७

अंगण अखेर खणलं गेलंच. गॅसचा नळ दुसरीकडून गेला, सांडपाण्याचा नळ नवा बसला. नकाशावर आता त्याचीही रेघ आहे, असं मुकादम सांगून गेला. लिंबाचं झाड तेवढं हलवावं लागलं, ते कुंपणापाशी नीट रुजलं.

हिराओका-सान एका संध्याकाळी आल्या. हातात नवा पंचा होता, घडी केलेला. यावर अक्षरं नव्हती. त्या दारातच वाकल्या आणि लवकर सरळ झाल्या नाहीत.

“त्यांना म्हणावं आत या,” कुमुदिनीबाई सुनेला म्हणाल्या. “आणि पंचा कसला आहे ते आधी विचार हो! मी आता न विचारता काही घेत नाही.”

अनघानं भाषांतर केलं. हिराओका-सान तोंडावर हात धरून हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे ओले झाले. “पुढच्या वर्षी पूजा पाहायला आत येऊ का? कुंपणावरून मान दुखते,” त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी. अनघानं तो शब्द मनात दोनदा उच्चारला. म्हणजे घर आपलं.

त्या गेल्यावर जयेश आईच्या खोलीत गेला. सुटकेस उघडीच होती. तो चकत्यांकडे पाहत राहिला.

“आई, विमानातून खरंच नाही नेता येणार.”

“ठाऊक आहे.”

“मी आधी विचारायला हवं होतं. तुला. आणि अनघाला. माफी मागायची तर तुमच्याकडे मागायला हवी होती.”

“माग की मग. घसा बसलाय का?”

जयेशनं मागितली. साध्या मराठीत, न वाकता. अनघा दारात उभी राहून ऐकत होती.

कुमुदिनीबाईंनी नऊवारीची घडी उचलली आणि चकत्यांसकट सुनेच्या ओंजळीत ठेवली. “पेणला नको. इथंच ठेव. पुढच्या वर्षी नव्या मातीत तूच मिसळ. मोदक जमत नाहीत, निदान माती तरी मळ.” आणि मग, सुनेचा चेहरा न पाहता, जुन्याच चालीवर,

“पाण्या माझ्या दादा, जा रे सुखानं माघारा,
माझ्या लेकीच्या घराला नको भयाचा हा वारा.”

न्हाणीघरात तन्वीनं टबचं बूच ओढलं. पाणी गरगरत, एका दमात, जाळीतून खाली गेलं. ती पालथी पडली आणि जाळीला कान लावून ऐकू लागली. दाराशी अनघा श्वास रोखून थांबली. हातांत माती, मातीवर कुंकवाची पुसट छटा.

“काय ऐकू येतं?”

तन्वीनं मान वर केली. गालावर जाळीची नक्षी उमटली होती.

“दारेमो इनाइ,” ती म्हणाली. मग आजी ऐकतेय हे आठवून, मोठ्यानं, मराठीत म्हणाली, “कुणी नाहीये!”